जोखीम क्रमांक बावीस

अंबड एमआयडीसी, दुसरा मजला, रात्रीचे पावणेदहा.
इंग्रजी मसुदा दुपारीच गेला.
मराठी नेहमीसारखी शेवटी,
उद्या पान सातवर, चौकटीत, मुंगीएवढ्या टायपात.

कंपनी मेमरी चिप बनवते.
सिन्नरजवळ दुसरा कारखाना काढायचा आहे,
त्यासाठी नऊशे चाळीस कोटींचं भांडवल उभारायचं आहे.
हे वाक्य एका दमात झालं.

अडलं ते मेमरीपाशी.
स्मृती लिहिलं की मागे हार घातलेला फोटो उभा राहतो,
स्मरणशक्ती म्हटलं की भिजवलेले बदाम.
आठवण लिहिली असती,
पण कांकरिया म्हणतील, मॅडम, आपण काय आठवणी विकतो?
मेमरीच ठेवलं.

जोखीम क्रमांक नऊ: भाव पडू शकतात.
टंचाई आली की सगळेच एकदम कारखाने वाढवतात,
मग माल पडून राहतो.
जोखीम क्रमांक चौदा: पाणी.
चिप धुवायच्या पाण्यात काहीच चालत नाही,
क्षार नको, वायू नको, गंगापूर धरण नको,
गोदावरी कधी होती याचा पुरावा नको.
प्लँटवरचे पेखळे सांगतात, ते पिऊ नका हं,
पोटात जाऊन तुमचंच काहीतरी काढून नेईल.

बावीस मी तीनदा खोडली.
आमची चिप विसरते.
सेकंदाला पंधरा-सोळा वेळा
तिला तिचंच परत सांगावं लागतं, तेव्हा कुठे टिकतं.
वीज गेली की कोरी.
दोष नाही, वाणच तसा.
आधी लिहिलं 'अस्थायी'. मग 'उडून जाणारी'.
मग पुन्हा 'अस्थायी', कारण वकील.

कोमल कोठुळे पाळी संपवून डोकावली,
गालांवर मास्कचे वळ.
ताई, कर्मचारी कोट्यात कमीत कमी किती?
चौदा हजार आठशे.
हप्त्याने?
नाही.
ती दारातच टेकून उभी राहिली, हिशेब करत.
मी विचारलं, तुम्ही चिप तपासता म्हणजे काय करता गं?
सगळीकडे एक भरायचा, वाचायचा.
मग सगळीकडे शून्य भरायचं, वाचायचं.
जी चुकेल ती बाद.

कांकरियांचा फोन: मोठ्या संस्थांचा हिस्सा अडीच पट भरेल बघा.
किती भरला, कुठवर भरला,
हे आम्ही ऑगस्टात दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतो.
गुडघ्याला, बरं आहे.
कमरेला, टपऱ्या उचला.
छातीला लागलं की सराफ बाजारात धावपळ.
त्याच्या लक्षात काही नसतं,
तो उभा असतो, लोक त्याच्यावर मोजतात.
कांकरियांना सांगितलं नाही. ते इंदूरचे.

बाबा नोटप्रेसमध्ये होते, एकतीस वर्षं, तपासणीच्या टेबलावर.
दिवसभर लाखोंनी मोजायचे
आणि झडती देऊन रिकाम्या खिशांनी घरी यायचे.
आई गेली त्या वर्षी साहेब म्हणाले,
दिवसपाळी घ्या, घरी मुलगी लहान आहे,
अर्जात कारण लिहा, लगेच सही करतो.
बाबांनी अर्ज केला नाही.
असल्या गोष्टीचं भांडवल करायचं नसतं, म्हणाले.

आज संध्याकाळपासून तो शब्द मी अकरा वेळा लिहिला.

साडेदहाला प्रूफ त्यांना फोनवर पाठवलं,
ते मोठं करून, बोटाने सरकवत वाचतात.
वीस मिनिटं काही नाही.
मग उत्तर, त्यांच्या टेबलावरच्या भाषेत:

'बावीस. अस्थायी काढ, पहिलाच शब्द ठेव.
तो खरा आहे.
रक्कम आकड्यांत दिली आहेस तिथे
एक शून्य कमी.'

मी शून्य भरलं.
वाचलं.